‘भरलेले शुल्क परत मिळणार नाही’ : एका छापील ओळीचे कायदेशीर मोल

डिसेंबर महिन्याची २४ तारीख राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळली जाते. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली होती. त्या निमित्ताने देवळा येथे झालेल्या एका कार्यक्रमास उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. भाषणे झाली, वजनमापांची प्रात्यक्षिके झाली, आणि मंडळी चहासाठी उठू लागली तेव्हा उमराण्याच्या बाजूचे एक शेतकरी गृहस्थ पुढे आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेली एक पावती काढली आणि विचारले, “साहेब, कागदावर छापलं म्हणजे त्याचा कायदाच होतो का?”

पावती एका व्यायामशाळेची होती. हल्लीच्या शब्दात सांगावयाचे तर जिमची. गृहस्थांचा मुलगा जवळच्या मोठ्या गावी शिकत होता आणि पोलीस भरतीची तयारी करीत होता. त्याच्यासाठी कांद्याच्या पट्टीतून १२,००० रुपये वर्षभराचे शुल्क म्हणून एकरकमी भरण्यात आले होते. पहाटे पाच वाजता जिम उघडेल, भरतीची तयारी करून घेणारा प्रशिक्षक रोज हजर राहील, असे प्रवेशाच्या वेळी सांगण्यात आले होते. माहितीपत्रकातही तसे छापले होते. दोन महिन्यांनी प्रशिक्षक सोडून गेला, पहाटेची वेळ बंद झाली. नवा प्रशिक्षक हवा असल्यास महिना २,००० रुपये वेगळे द्यावे लागतील, असे उत्तर मिळाले. पैसे परत मागितले तेव्हा चालकाने पावतीच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले : ‘एकदा भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’ तोच मजकूर भिंतीवरील फलकावरही होता.

भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. त्यासाठी यंत्रे किती लागतात आणि मोकळे मैदान किती, हा प्रश्न मनात आला होता. पण तो तेथे विचारणे प्रशस्त वाटले नाही. १२,००० रुपये ही त्या घराला लहान रक्कम नव्हती आणि गृहस्थांचा प्रश्न मात्र मोठा होता.

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या ‘कसमादे’ पट्ट्यात व्यायामाची परंपरा जुनी आहे. गावोगावच्या यात्रांतील कुस्त्यांची दंगल येथील माणसास नवीन नाही. परंतु तालमीचा व्यवहार निराळा होता. तांबडी माती, एक वस्ताद आणि सकाळी घाम गाळणारी पोरे. तेथे पावती नव्हती, म्हणून पावतीवरील अटही नव्हती. आता व्यायाम ही मोल देऊन विकत घ्यावयाची सेवा झाली आहे. कायद्याच्या दृष्टीने पाहता हा बदल ग्राहकाच्या फायद्याचाच म्हणावा लागेल. ज्या क्षणी मोबदला देऊन सेवा घेतली, त्या क्षणी घेणारा ‘ग्राहक’ होतो आणि देणारा कायद्याच्या कक्षेत येतो.

अटीला मर्यादा असते

करार करणाऱ्या पक्षांनी आपल्या अटी आपण ठरवाव्यात, हे तत्त्व १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातही मान्य आहे. मात्र पावतीमागे छापलेली प्रत्येक ओळ न्यायालयात टिकतेच असे नाही. मद्रास उच्च न्यायालयाचा १९६६ च्या विधि-अहवालात प्रसिद्ध झालेला एक निर्णय या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. एका धुलाई केंद्रात दिलेली साडी हरवली. वस्तू गहाळ झाल्यास बाजारभावाच्या निम्मीच भरपाई मिळेल, असे पावतीवर छापलेले होते. अशी अट मान्य केली तर नवे कपडे निम्म्या किमतीत गिळंकृत करण्यास चालकाला मोकळीकच मिळेल, हे न्यायालयाने ओळखले आणि ती लोकहिताविरुद्ध ठरविली. पुढे २ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका सदनिका व्यवहाराच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, ग्राहकाला निमूटपणे सही करण्यावाचून पर्यायच नसेल, तर एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत. अशा अटी घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय.

१९८६ च्या कायद्याची जागा आता ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याने घेतली असून त्याची अंमलबजावणी २० जुलै २०२० पासून सुरू झाली. सदोष वस्तू परत घेण्यास किंवा त्रुटीपूर्ण सेवा बंद करून तिचा मोबदला परत करण्यास नकार देणे, हीदेखील आता अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. बिलावर किंवा पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करणे आवश्यक आहे. पावतीच न देणे हीदेखील याच सदरात मोडणारी गोष्ट होय.

येथे ‘त्रुटीपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि बहुतेक वाद त्याच्याभोवती फिरतात. वरील प्रकरणात चालकाने जे देऊ केले होते ते दिले नाही. पहाटेची वेळ आणि प्रशिक्षक ही दोन कारणे पाहूनच प्रवेश घेतला गेला होता. ती दोन्ही नाहीशी झाल्यावर ‘कोणत्याही परिस्थितीत’ या शब्दांचा आधार चालकाला घेता येत नाही. जिम कायमची बंद पडली, दूरच्या जागी हलविली गेली किंवा यंत्रे महिनोन्‌महिने नादुरुस्त राहिली, तरी स्थिती हीच.

याउलट, जिम नीट चालू आहे, प्रशिक्षक हजर आहे आणि सभासदाचाच उत्साह तिसऱ्या आठवड्यात मावळला, तर पैसे परत मागण्याचा हक्क सहजासहजी सांगता येणार नाही. जानेवारीत प्रवेश घेऊन फेब्रुवारीत दिसेनासे होणारे सभासद सर्वत्रच असतात आणि त्यांच्या आळसाचा भार चालकाने का सोसावा, हे चालकांचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नाही. आजारपण, अपघात, बदली किंवा नोकरीसाठी गाव सोडणे ही कारणे या दोहोंच्या मधली होत. तेथे अट प्रवेशापूर्वी दाखविली होती काय, सभासदत्व दुसऱ्याच्या नावे करण्याची किंवा काही महिने स्थगित ठेवण्याची सोय दिली होती काय, आणि चालकाचे प्रत्यक्ष नुकसान किती, यावर निर्णय अवलंबून राहतो. अशा प्रसंगी तडजोडीचा मार्ग अधिक फलदायी ठरतो, असे आमचे मत आहे.

कोणाचाच दोष नसतो असाही एक प्रसंग महाराष्ट्राने अनुभवला. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या व्यायामशाळा २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दिवशी पुन्हा उघडण्यास शासनाने परवानगी दिली. मधले महिने सभासदांच्या मुदतीत वाढवून देणे हा त्यावरचा न्याय्य तोडगा होता. ज्या जिम नंतर उघडल्याच नाहीत, त्यांच्याबाबत मात्र करार अधिनियमाचे कलम ६५ पाहावे लागते. करार निरर्थक झाला, तर त्यापोटी घेतलेला लाभ परत करणे भाग असते, असे हे कलम सांगते.

किती रक्कम मागावी?

पैसे परत मिळावेत एवढे म्हणून भागत नाही. किती, हे सांगावे लागते. १२,००० रुपये भरून दोन महिने सेवा घेतली असेल, तर महिन्याला १,००० या हिशेबाने १०,००० परत मिळावेत असे ग्राहकाला वाटते. चालक म्हणतो, वार्षिक शुल्कात सवलत होती; दरमहा भरणाऱ्यास आम्ही १,५०० आकारतो, म्हणून दोन महिन्यांचे ३,००० वजा करून ९,००० देऊ. दोन्ही हिशेबांना आधार आहे. ज्याच्या दोषामुळे करार मोडला त्याने सवलतीचा लाभ हिरावून घेऊ नये, हे आमच्या मते अधिक सयुक्तिक. तथापि १,००० रुपयांच्या फरकासाठी आयोगाकडे जावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शुल्क हप्त्याने भरले असेल तर आणखी एक सावधगिरी बाळगावी. पुष्कळ ठिकाणी ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे सांगितले जाते, ते प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते. जिम बंद पडली म्हणून हप्ते आपल्या मनाने थांबविले, तर कर्जदार म्हणून आपल्या नावावर थकबाकी लागते. वित्तसंस्थेस लेखी कळवून तिलाही वादात सामील करणे इष्ट.

देवळ्याहून नाशिकला न जाता

कार्यक्रमानंतर त्या गृहस्थांसमवेत बसून एक पत्र तयार करण्यात आले. केव्हा किती रक्कम भरली, काय देऊ केले होते, कोणत्या तारखेपासून ते बंद झाले, किती रक्कम परत हवी आणि किती दिवसांत, एवढाच मजकूर त्यात होता. पावती, माहितीपत्रक आणि वेळ बंद झाल्याचा मोबाइलवर आलेला संदेश यांच्या प्रती जोडल्या. मुलाने तो संदेश पुसून टाकला नव्हता, ही सुदैवाची गोष्ट. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि ते पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा, असे सुचविले. नोटीस वकिलामार्फतच गेली पाहिजे असा समज सर्वत्र आढळतो; तो खरा नाही.

नोटिशीस उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदविता येते. हेल्पलाइन तक्रार संबंधितांकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते. तिला निकाल देण्याचा अधिकार नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. पूर्वी त्यास ‘मंच’ म्हणत असत. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारी जिल्हा आयोगापुढे चालतात आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर कोणतेही शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे.

ग्रामीण ग्राहकाच्या दृष्टीने नव्या कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद कलम ३४ मध्ये आहे. पूर्वी विरुद्ध पक्षाचे कार्यालय जेथे असेल किंवा कारण जेथे घडले असेल, तेथेच जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. जिम पुण्याची असो की सुरतेची, देवळा तालुक्यातील रहिवाशाला नाशिकच्या आयोगाकडे दाद मागता येते. नाशिकपर्यंतच्या फेऱ्याही टाळता याव्यात म्हणून १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळाची सोय झाली आहे. घरबसल्या तक्रार दाखल करता येते आणि अर्ज केल्यास दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीही होऊ शकते. वादाचा निर्णय लवादच देईल असे करारात लिहिले असले, तरी त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच हे स्पष्ट केले आहे.

विरुद्ध पक्षास उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ज्या तक्रारीत वस्तूच्या प्रयोगशाळा-तपासणीची गरज नसते, ती शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागतो, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. म्हणूनच कायद्याने मध्यस्थीची तरतूद केली असून, दोन्ही पक्ष तयार असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडे सोपवू शकतो. आदेश झाल्यावर तो न पाळणाऱ्यास मात्र किमान एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तक्रार लिहिताना एका बारकाव्याकडे लक्ष द्यावे. ‘अनुचित करार’ या कारणावरून दाद मागावयाची असल्यास कायद्याने ते काम राज्य आयोगाकडे सोपविले आहे. लहान रकमेच्या ग्राहकाने म्हणून जिल्हा आयोगापुढे ‘सेवेतील त्रुटी’ व ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन कारणांवर भर द्यावा. त्यात रक्कम, तीवरील व्याज, झालेल्या त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च यांची मागणी करता येते.

देवळ्याच्या प्रकरणात आयोगापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. पत्र पोचल्यावर दोन आठवडे शांतता होती. त्यानंतर १९१५ वर तक्रार नोंदविण्यात आली आणि काही दिवसांनी चालकाचाच दूरध्वनी आला. बोलणी ९,००० रुपयांवर मिटली. रक्कम गृहस्थांच्या बँक खात्यात जमा झाली. मुलगा आता पहाटे मैदानावर धावतो, असे त्यांनी कळविले आहे.

भिंतीवरील फलक मात्र अद्याप तेथेच आहे. एका ग्राहकाचे पैसे परत मिळाल्याने इतर सभासदांवरील अट उठत नाही. पुष्कळ ग्राहकांच्या हक्कांना एकत्रितपणे बाधा येत असेल, तर कलम १६ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. ते चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास अहवाल पाठवू शकतात. तसा अर्ज करण्यासाठी त्या जिमच्या आणखी काही सभासदांच्या सह्या मिळविण्याचे काम सध्या त्या गृहस्थांचा मुलगा करीत आहे.