पातेल्यातले तांबे

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून गेलात, तर हातोड्यांची ठकठक ऐकू येते. तिथे ठोकले जाणारे तांबे आपल्या शरीरातही असते. मोठ्या माणसात जेमतेम १०० मिलिग्रॅम. काही विकरांचे काम त्यावाचून चालत नाही. जास्तीचे तांबे यकृत पित्तरसातून बाहेर टाकते.

ही वाटच बंद असेल तर? विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या रोगात तसेच घडते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, की तांबे यकृतात व मेंदूत साचत जाते. तेराव्या गुणसूत्रावरील हे जनुक १९९३ मध्ये सापडले.

आपल्याकडे आणखी एक रोग होता. वर्षा-दोन वर्षांच्या बाळाचे पोट फुगे, यकृत टणक होई, कावीळ होई आणि बहुधा मूल दगावे. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क भागात ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या बाळांत ते हजाराच्या आसपास किंवा कितीतरी वर जाई. एकाच घरातली दोन-दोन भावंडे जात, तेव्हा रोग आनुवंशिक असावा असे वाटणे साहजिकच होते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मात्र बाळाचे दूध कोणत्या भांड्यात तापवतात, याचा शोध घेतला. १९८३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. या बाळांना फार लवकर वरचे दूध सुरू झालेले असे आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले असे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई नसली की ताक कळकते, हे घरोघरी ठाऊक. पण दूध आंबट नाही, त्याचा संशय येणार कसा? दुधातले केसीन तांबे धरून ठेवते. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते.

म्हणजे भावंडांना वारशाने मिळाले होते ते पातेले! स्टीलची भांडी आली, डॉक्टरांनी सल्ला दिला आणि रोग दुर्मिळ झाला.

तरी कोडे पुरते सुटलेले नाही. तसेच दूध पिऊन कितीतरी मुले ठणठणीत राहिली. ऑस्ट्रियातील टायरॉल भागातही १९०० ते १९७४ या काळात अशी १३८ बालके आजारी पडली; तिथेही दूध तांब्याच्या भांड्यातलेच होते. त्यांच्या वंशावळी मात्र आनुवंशिक दोषाकडेही बोट दाखवतात. बहुधा जनुक आणि पातेले, दोन्ही जुळून यावे लागत असावे.