शिंप्याची लेक आणि रिकामी जागा

गृहसजावट म्हटली की पडदे, गालिचे आणि झुंबरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. हा सुखवस्तू लोकांचा षोक. कामगार संघटनेतल्या माणसाने त्यावर काय बोलायचे, असे काही श्रोत्यांनी आम्हांला व्याख्यानापूर्वीच विचारले. त्यांची शंका रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि मोफत वाचनालयात. अशाच वाचनात शार्लोत पेरियाँ या फ्रेंच बाईंची ओळख झाली. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आमचे बालपण गेले. घराच्या आतली जागा म्हणजे काय, हे आम्ही त्या खोलीत अनुभवले होते. त्याचा अर्थ या बाईंच्या चरित्राने समजावून दिला.

पेरियाँबाईंचा जन्म १९०३ साली पॅरिसमध्ये झाला. वडील शिंपी होते आणि आई उंची पोशाखांच्या शिवणकामात होती. म्हणजे लहानपणापासून कात्री, टेप आणि कापडाचे तुकडे घरातच. शिंप्याच्या धंद्याचा पहिला नियम असा की, कापडाला कात्री लावण्यापूर्वी अंगाचे माप घ्यायचे. गिऱ्हाईक कापडाच्या मापाचे नसते, कापड गिऱ्हाइकाच्या मापाचे करावे लागते. बाईंच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज आम्हांला या नियमात दिसते.

शिंप्याच्या घराबरोबर दोन आणखी गुरू त्यांना लाभले. एक म्हणजे सव्हॉय, हा आल्प्स पर्वतातला डोंगराळ मुलूख. वडिलांकडचे घराणे तिथले. तिथल्या गुराख्यांची दूध काढताना बसायची तीन पायांची बुटकी तिवई त्यांच्या मनात इतकी बसली की, पुढे त्यांनी त्याच घडणीची तिवई स्वतः तयार केली. दुसरा गुरू म्हणजे इस्पितळ. लहानपणी आंत्रपुच्छाच्या दुखण्यासाठी त्यांना तिथे राहावे लागले. पांढऱ्या भिंती, मोजके सामान, भरपूर उजेड, हे त्या मुलीला फार आवडले. घरी परतल्यावर खोल्यांमधली सामानाची दाटी पाहून तिला रडू कोसळले. रिकाम्या जागेचे मोल आपल्याला तेव्हा प्रथम कळले, असे त्यांनी म्हातारपणी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

१९२० ते १९२५ ही पाच वर्षे त्या पॅरिसमधल्या सजावटकलेच्या शाळेत शिकल्या. तिथे जुन्या घाटाचे नक्षीदार सामान आखायला शिकवत. बाईंचे लक्ष मात्र रस्त्यावरच्या मोटारींकडे आणि सायकलींकडे होते. निकेलचा मुलामा दिलेली नळी, चकचकीत पत्रा, यांत त्यांना नव्या काळाचे सौंदर्य दिसे. चकाकत्या धातूच्या मण्यांची एक माळ त्यांनी करून घेतली आणि तिला 'बेअरिंगची माळ' असे नाव दिले. सोन्यामोत्यांच्या पॅरिसमध्ये यंत्राच्या गोळ्यांची आठवण देणारी माळ गळ्यात घालून हिंडणे, हा त्या काळी मोठाच धीटपणा होता.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. ल कॉर्बूझिए हे नाव आपल्याकडे चंदीगड शहराच्या आखणीमुळे ठाऊक आहे. १९२७ साली बाई त्यांच्या कचेरीत काम मागायला गेल्या. आमच्याकडे उशांवर भरतकाम करत नाहीत, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी या तरुण मुलीला वाटेला लावले. त्याच वर्षी शरद ऋतूतल्या कलाप्रदर्शनात बाईंनी आपल्या माळ्यावरच्या घरातली बैठक मांडली. तिथे सगळीकडे निकेल, ॲल्युमिनियम आणि काच. ते पाहिल्यावर ल कॉर्बूझिए यांनी त्यांना बोलावून घेतले आणि खुर्च्यांचे व घराच्या आतल्या सामानाचे काम सोपवले. तेव्हा त्यांचे वय चोवीस. सुमारे दहा वर्षे त्या तिथे राबल्या.

या काळात जन्मलेल्या एका आरामखुर्चीची घडण समजून घेण्यासारखी आहे. पोलादी नळीची एक लांबट, कमानदार चौकट आणि तिच्याखाली वेगळी बैठक, असे तिचे दोन भाग. वरची चौकट बैठकीला जखडलेली नाही. ती नुसती तिच्यावर टेकते. चौकट पुढे-मागे सरकवली की माणूस हवा तितका आडवा होतो, आणि घर्षणामुळे चौकट तिथेच थांबते. कळ नाही, स्प्रिंग नाही. पाठ, कंबर, गुडघे यांना जिथे आधार हवा, तिथे तो मिळतो. शिंप्याने कोट अंगावर बेतावा तशी ही खुर्ची दमलेल्या शरीरावर बेतलेली आहे.

परंतु दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली नावाची. १९२८-२९ च्या या खुर्च्या तिघांच्या कामातून झाल्या: ल कॉर्बूझिए, त्यांचे चुलत भाऊ पियेर जानरे आणि पेरियाँबाई. पुढे बाजारात मात्र त्यांच्या क्रमांकांआधी 'एलसी' ही अक्षरे आली. ती ल कॉर्बूझिए यांच्या नावाची. जगाने वर्षानुवर्षे त्या एकट्याच्या मानल्या. आज तिघांची नावे दिली जातात. काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार कारखान्यात आम्ही पुष्कळ पाहिला आहे. कलेच्या क्षेत्रातही तो चालतो, एवढेच नवीन कळले.

दुसरी गोष्ट किमतीची. यंत्रावर भराभर व्हावे आणि सामान्य माणसाला परवडावे म्हणून आखलेले हे सामान प्रत्यक्षात महागच पडले आणि धनिकांच्या घरी गेले. बाई लाकूड, गवत अशा साध्या वस्तूंकडे पुन्हा वळल्या. समुद्रकाठी फिरून त्या गारगोट्या, वाहून आलेले ओंडके, झिजलेली हाडे गोळा करीत आणि त्यांची छायाचित्रे घेत. निसर्गाने घासूनपुसून दिलेला घाट पाहणे हा त्यांचा अभ्यास होता. १९३६ साली एका गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात त्यांनी छायाचित्रे जोडून केलेले प्रचंड भित्तिचित्र लावले. विषय होता पॅरिसमधल्या गरिबांच्या वस्त्यांची दैना. याच वर्षी फ्रान्समध्ये कामगारांनी कारखाने व्यापून संप केले आणि जूनमध्ये चाळीस तासांचा आठवडा व पंधरा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळवली. रजा मिळालेल्या माणसाने डोंगरावर जायचे तर राहायचे कोठे? बाई स्वतः पट्टीच्या गिर्यारोहक. ॲल्युमिनियमचे भाग माणसांनी पाठीवरून वर नेऊन जोडायचे, असा डोंगरातला निवारा त्यांनी आखला. हक्क कागदावर मिळाला तरी तो उपभोगायला जागा लागते, हे त्यांना उमगले होते.

१९४० च्या जूनमध्ये, पॅरिस जर्मन फौजांच्या हाती पडत असताना, त्या जपानला निघाल्या. तिथल्या व्यापार व उद्योग खात्याने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले होते. गावोगावचे कारागीर पाहून त्यांनी आपलीच पोलादी आरामखुर्ची बांबूत उतरवली. बांबूच्या पट्टीचा लवचीकपणा त्यांनी स्प्रिंगसारखा वापरला. पण त्या शिकवून आल्या त्याहून अधिक शिकून आल्या. जपानी घरात चटईचे माप ठरलेले असते आणि खोली किती चटयांची, यावरून तिचा आकार सांगतात. दारे सरकती. रात्रीचे अंथरूण सकाळी कपाटात जाते आणि झोपायची खोली बसायची होते. लहानपणी इस्पितळात आवडलेली रिकामी जागा त्यांना इथे घराघरांत दिसली. सामान ठेवायला नीट कपाट असले तरच जागा मोकळी राहते, हे सूत्र त्यांनी आयुष्यभर धरले.

युद्धाची काही वर्षे हिंदी चीनमध्ये काढून त्या १९४६ साली मायदेशी परतल्या. मार्सेय येथे ल कॉर्बूझिए यांनी बांधलेल्या ३३७ घरांच्या इमारतीसाठी, जी १९५२ साली पुरी झाली, त्यांनी स्वयंपाकघराचा नमुना आखला. ते बसायच्या खोलीकडे उघडे ठेवले. मध्ये फक्त कपाटवजा ओटा. रांधणारी बाई भिंतीआड कोंडली जाऊ नये, घरच्यांशी बोलत तिने काम करावे, हा हेतू. साठी उलटल्यावर, १९६७ पासून, त्यांनी आल्प्समधल्या लेझार्क या सुट्टीच्या वसाहतीचे मोठे काम अंगावर घेतले. बर्फामुळे तिथे बांधकामाचे दिवस थोडे. म्हणून न्हाणीघरे कारखान्यात साच्यातून अख्खी काढून, जागेवर नेऊन बसवली. खोल्या लहानच, पण खिडकीबाहेर डोंगर. १९९९ साली, शहाण्णवाव्या वर्षी, त्या वारल्या.

आता आमच्या खोलीकडे येतो. तिथेही सकाळी अंथरुणाच्या वळकट्या भिंतीला लागत, भांडी फळीवर चढत, कपडे खुंटीला जात, आणि त्याच जागेत जेवण, अभ्यास, पाहुणे, सारे होई. आमच्या आईने जपान पाहिला नव्हता, तरी हे शास्त्र तिला येत होते. पण १९८२ च्या संपात तीच खोली खरोखर रिकामी झाली. तांब्याची भांडी गेली, वडिलांची सायकल गेली, शेवटी आईचे शिवणयंत्र गेले. ज्याच्यापाशी आहे त्याने मोकळी ठेवलेली जागा आणि ज्याचे गेले त्याची ओकीबोकी जागा, या दोन्ही छायाचित्रात सारख्याच दिसतील. राहणाऱ्याला त्यांतला फरक ठाऊक असतो. म्हणून थोडक्यात भागवण्याच्या आमच्या कसबाचे कोणी कौतुक करू लागले की आम्ही सावध होतो. त्या कौतुकाच्या आडून लहान खोलीचे समर्थन होऊ नये.

बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. गिरणी कामगारांना सोडतीत मिळालेली पुष्कळ घरे २२५ चौरस फुटांची. हे आकडे ठरवताना किती माणसांचे अंथरूण मोजले? ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईचा हात कोठवर पोचतो, हे कोणी पाहिले? शिंप्याची लेक हाच प्रश्न जन्मभर विचारीत राहिली. आपल्या गावात, आपल्या वस्तीत नव्या घरांचे नकाशे येतील तेव्हा ते पाहायला घरातल्या बायकांना पुढे बसवा आणि टेप त्यांच्या हाती द्या. आधी अंगाचे माप, मग कात्री. एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो.