अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका आणि ओळखीचे शब्द

माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरावर अर्थशास्त्र हा 'वाचून येणारा' विषय समजला जातो. उत्तरपत्रिका मात्र निराळे चित्र दाखवितात. गणिताची भीती आणि पाठांतराची सवय ही त्याची नेहमीची कारणे. ती खरी असली, तरी मूळ अडचण या विषयाच्या भाषेत आहे. भौतिकशास्त्रातील 'संवेग' हा शब्द विद्यार्थ्याला नवा असतो, म्हणून तो त्याची व्याख्या शिकतो. 'मागणी', 'गुंतवणूक', 'महागाई' हे शब्द तो घरूनच घेऊन येतो आणि परीक्षेत घरचाच अर्थ लिहितो.

कांद्याचा भाव उतरल्याने खरेदी वाढली, तर व्यवहारात 'मागणी वाढली' असे म्हणतात. अर्थशास्त्रात हा मागणीचा विस्तार होय. ग्राहक त्याच मागणी वक्रावर खाली सरकतो. भाव तोच असताना, उत्पन्न किंवा आवड बदलल्यामुळे खरेदी वाढली, तर ती मागणीतील वृद्धी. तेव्हा वक्रच उजवीकडे सरकतो. हा भेद निसटला, की 'किंमत वाढली म्हणून मागणी घटली, मागणी घटली म्हणून किंमत उतरली' असे गोल फिरणारे उत्तर तयार होते. समतोल किमतीवरील कितीतरी उत्तरे येथेच फसतात.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणातही तेच घडते. जुने घर विकत घेणे ही कुटुंबाच्या दृष्टीने गुंतवणूक. देशाच्या हिशेबात ते केवळ मालकीचे हस्तांतर. घराचे मूल्य ते बांधले त्या वर्षी मोजून झालेले असते. मध्यस्थाची दलाली मात्र चालू वर्षाची सेवा असल्याने मोजली जाते.

महागाईची गल्लत तर सुशिक्षितांतही आढळते. किंमत निर्देशांक 100 वरून 110 आणि पुढील वर्षी 115.5 झाला, तर महागाईचा दर 10 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. किमती मात्र वाढतच राहिल्या.

पाठ्यपुस्तकांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, 2005 ने पाठांतरापासून दूर जाण्याचा आग्रह धरला. त्यानुसार एनसीईआरटीने काढलेल्या नववीच्या पुस्तकाची सुरुवात पालमपूर या काल्पनिक खेड्यातील शेती व उत्पादनाने होत असे. परंतु अकरावीत उपयोगिता व वक्र एकदम समोर येतात आणि खेडे मागे पडते. 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाचे उत्तर पाठ करूनही गुण मिळतात. त्यामुळे गैरसमज शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. तो उघडा पडतो स्पर्धा परीक्षेतील विधानांच्या प्रश्नांत. 'व्याजाची रक्कम वगळल्यास राजकोषीय तूट प्राथमिक तूट होते' हे विधान बरोबर की चूक, हे ठरविताना व्याख्या आठवून भागत नाही. सरकारने या वर्षी घेतलेल्या कर्जापैकी किती भाग जुन्या कर्जाच्या व्याजातच जातो, हे डोळ्यांसमोर यावे लागते.