या डोंगरावरून त्या डोंगरावर

जोतिबाचा डोंगर पंचगंगा आणि वारणेच्या खोऱ्यांमधल्या रांगेवर उभा आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३१०० फूट. सतरा-अठरा किलोमीटरवरचं कोल्हापूर शहर साधारण १८५० फुटांवर. म्हणजे डोंगरावरच्या वाडी रत्नागिरी गावाच्या माथ्यावरून बाराशे फुटांहून खालचा मुलूख नजरेत येतो. रेडिओ अभियंत्याला यापेक्षा वेगळं काही नको असतं. त्याच्या भाषेत ही ‘लाइन ऑफ साइट’, आणि मायक्रोवेव्ह दुव्याचा सगळा संसार तिच्यावर चालतो.

मोबाइलच्या मनोऱ्यावर उभ्या लांबट पट्ट्या दिसतात, त्या आपल्या फोनशी बोलतात. त्यांच्या जवळपास कधी कधी एक गोल पांढरा डबा असतो. त्याचं फोनशी काही देणंघेणं नसतं; तो दूरच्या दुसऱ्या मनोऱ्यावरच्या तशाच डब्याकडे तोंड करून असतो. गावातली सगळी बोलणी गोळा करून शहराकडे पोचवणं हे त्याचं काम. खेड्यात फोन ‘आला’ की आपण एक्स्चेंजचं किंवा टॉवरचं कौतुक करतो, पण हा दुवा नसेल तर गाव फक्त गावाशीच बोलू शकतं.

मायक्रोवेव्ह लहरी जवळजवळ सरळ जातात. दोन डिशना (हेच ते पांढरे डबे) एकमेकी दिसायला हव्यातच, शिवाय त्या सरळ रेषेभोवतीचा फुगीर पट्टाही मोकळा लागतो. चाळीस किलोमीटरचा टप्पा आणि सात गिगाहर्ट्‌झ धरून हिशोब केला, तर मधोमध पृथ्वीचा फुगवटाच तेवीस मीटरच्या आसपास येतो. त्यावर पट्ट्यासाठी आणखी बारा-तेरा मीटर, वर झाडं. सपाट माळावर हे सगळं लोखंडाच्या मनोऱ्यानं भरून काढावं लागतं. जोतिबा-पन्हाळ्यासारख्या रांगेवर ती उंची डोंगरच देतो.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात अशाच अतिलघू लहरींचे प्रयोग जाहीरपणे करून दाखवले होते. दूरध्वनीसाठी देशातला पहिला मायक्रोवेव्ह मार्ग १९६५ साली कलकत्ता-आसनसोल दरम्यान सुरू झाला. ते ॲनालॉग युग. प्रत्येक टप्प्यावर आवाजाबरोबर खरखरही वाढवली जायची आणि शेवटच्या गावाला पोचेपर्यंत दोन्ही सारखीच मोठी. डिजिटल पद्धतीनं नेमकं हेच दुखणं बरं केलं. आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजणी आठ बिटांत मांडायची. झाले ६४ हजार बिट. अशी तीस संभाषणं दोन मेगाबिटांच्या एका प्रवाहात बसतात. मधल्या प्रत्येक ठाण्यावर शून्य की एक एवढंच ओळखायचं आणि नवा, स्वच्छ बिट पुढे सोडायचा. खरखर मागेच राहते. दुर्गम गावांच्या दृष्टीनं हा बदल मला मोबाइलच्या आगमनाइतकाच मोठा वाटतो.

शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात कित्तूरला १९८६ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं १२८ पोर्टचं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बसलं. वातानुकूलनाशिवाय चालणारं ते यंत्र देशभर गेलं. पण त्याला बाहेरच्या जगाशी जोडायचं कशानं? खांबावरच्या तारा वादळात तुटत, चोरीला जात. सार्वजनिक फोनसाठी गावोगाव ‘मार’ नावाची बहुप्रवेशी ॲनालॉग रेडिओ यंत्रणा लावली गेली. त्यातले अनेक फोन मुके पडले आणि पुढे ते बदलावे लागले. दुर्गम गावात यंत्र नेऊन बसवणं सोपं, ते चालू ठेवणं कठीण.

डिश जुळवणं हे तर हाताचंच कसब. सहा फुटी डिशचा झोत जेमतेम दीड अंशाचा. एक अंश चुकला की चाळीस किलोमीटरवर झोत सातशे मीटर बाजूला जातो. मनोऱ्यावर पट्टा बांधून बसलेला माणूस नट पाव फेरा फिरवतो, खालचा मल्टिमीटरवर रिसीव्हरचं व्होल्टेज वाचतो, दोघं वॉकीटॉकीवर आकडे बोलतात. आकडा चढून उतरू लागला म्हणून लगेच थांबायचं नाही. मुख्य झोताशेजारी छोटे उपझोत असतात, त्यातल्या एखाद्यावर डिश अडकली तर दुवा लागतो खरा, पण सिग्नल जरा क्षीण होताच पडतो. म्हणून दोन्ही बाजूंना पूर्ण झाडून पाहायचं, सगळ्यांत उंच शिखर पकडायचं आणि मगच नट आवळायचे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी चारी बाजूंनी दोऱ्या धरून नाचवतात. मनोऱ्याला मात्र अंशभरही डुलायची मुभा नाही.

दहा गिगाहर्ट्‌झच्या वर पाऊस सिग्नल खातो, त्यामुळे गगनबावड्याच्या धो धो पावसाच्या पट्ट्यात पंधरा-अठरा गिगाहर्ट्‌झचे टप्पे आखूडच ठेवावे लागतात. सातला पावसाचं फारसं भय नाही. तिथे त्रास हिवाळ्यातल्या शांत पहाटेचा: थंड हवेचे थर लहरी वाकवतात, दोन वाटांनी आलेले सिग्नल एकमेकांना मारतात. त्यावर उपाय म्हणून वर-खाली दोन डिश लावतात.

आता फायबर आलं. त्याच्या क्षमतेपुढे रेडिओ तोकडा, यात वाद नाही. पण फायबर रस्त्याकडेनं आणि पुलांवरून जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं कोल्हापूरला वेढलं, महामार्ग पाण्याखाली गेला; २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. जिथे पूर येतो तिथे डोंगरावरचा रेडिओ दुवा मोडीत काढणं मला चुकीचं वाटतं. तो राखीव म्हणून जिवंत ठेवावा. पुराचं पाणी माथ्यावर येत नाही, पण माथ्यावरची वीज खालून येते; म्हणून ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या दर वर्षी मे महिन्यात पूर्ण भार देऊन तपासाव्यात, जनरेटरचं डिझेल रस्ता बंद होण्याआधी वर चढवावं, आणि एक दिवस फायबर मुद्दाम बंद करून सगळी वाहतूक रेडिओवर चालवून पाहावी.