लंडनला जाताना : सभासद व विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त माहिती



आपल्या दिघी, म्हसळा, श्रीवर्धन परिसरातील कितीतरी घरांत आज कोणी ना कोणी बँकेत, शाळेत, पोस्टात, एस.टी.त किंवा बंदरावर नोकरी करून निवृत्त झालेले आहे. हाती फंडाची रक्कम येते, मुले मार्गी लागलेली असतात, आणि मग एक इच्छा बोलून दाखवली जाते : "एकदा बाबासाहेबांचे लंडनमधले घर बघायचे आहे." बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या कानावर ही इच्छा वारंवार पडते. तिच्या पाठोपाठ येणारे वाक्यही ठरलेले असते : "पण ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे."

हे काम आपल्यासारख्यांचेच आहे, हे दाखवण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. लंडनला जाण्यासाठी श्रीमंती लागत नाही असे मी म्हणणार नाही, कारण एक पौंड आज शंभर रुपयांच्या वर आहे. परंतु खर्चापेक्षाही माणूस अडतो तो कागदपत्रांत आणि अपुऱ्या माहितीत. तेवढे आधी नीट केले, तर पुढचे अवघड राहत नाही.

काय पाहायचे, हे आधी ठरवा

युरोपच्या ठराविक सहलींत लंडनला दोन दिवस मिळतात. त्यात मेणाचे पुतळे, मोठा पाळणा आणि टॉवर ब्रिज होतो. बाबासाहेबांचे घर त्या यादीत बहुधा नसते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिका ओळीने वाचावी आणि घराचा उल्लेख नसेल तर मोकळा दिवस मागून घ्यावा. चार-पाच जण मिळून स्वतंत्रपणे गेल्यास अधिक बरे.

बाबासाहेब १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत त्यांनी नाव घातले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले. स्वतः पैसे साठवून आणि शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी.एस्सी. अशा तीन पायऱ्या त्यांनी त्या शहरात पार केल्या. डी.एस्सी.चा त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. आम्हा बँकवाल्यांना त्याचे अप्रूप वाटावे असाच तो विषय आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी पौंडाला पंधरा रुपये असा भाव बांधलेला होता. तो कोणी आणि कोणाच्या सोयीने बांधावा, हा त्या वादाचा गाभा होता.

पारपत्र आणि नावाचा घोळ

पहिले काम पासपोर्टचे. अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरून वेळ घ्यावी लागते. प्रौढ व्यक्तीच्या ३६ पानी पासपोर्टला साधे शुल्क १,५०० रुपये असून तो दहा वर्षे चालतो. त्यासाठी एजंटाला हजारो रुपये देण्याचे कारण नाही.

खरी अडचण नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरेच. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी आडनाव बदलले आहे; भगिनींची माहेरचे व सासरचे अशी दोन नावे असतात. नाव बदलल्याचे राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला हे कागद शोधून ठेवावेत आणि आधार, पॅन, बँक खाते व पासपोर्ट या चारही ठिकाणी एकच नाव, एकाच स्पेलिंगने करून घ्यावे. प्रवासाच्या निदान सहा महिने आधी या कामाला लागावे.

व्हिसा

ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि फ्रान्स, जर्मनी वगैरे देशांचा शेंगेन व्हिसा वेगळा. दोन्हीकडे जायचे तर दोन अर्ज. ब्रिटनच्या साध्या पर्यटन व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येते. सन २०२५ मध्ये त्याचे शुल्क १२७ पौंड होते. ते बदलत असते, म्हणून ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर खात्री करावी. अर्ज ऑनलाइन भरायचा, शुल्क भरायचे आणि ठरल्या दिवशी मुंबईच्या केंद्रात जाऊन बोटांचे ठसे व फोटो द्यायचा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकालास साधारण तीन आठवडे लागतात.

खात्यात अमुक इतकी शिल्लक हवी, असा आकडा नियमात नाही. आपला खर्च आपल्याला झेपतो आणि आपण परत येणार आहोत, हे अधिकाऱ्याला कागदांवरून पटले पाहिजे. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. सहा महिन्यांचे बँक विवरण, पगारपत्रक किंवा पेन्शनचा आदेश, आयकर विवरणपत्र आणि नोकरीत असल्यास रजा मंजुरीचे पत्र जोडावे.

२. अर्ज करण्याआधी शेजाऱ्याकडून, मेहुण्याकडून दोन-तीन लाख रुपये आणून खात्यात भरू नयेत. ज्या खात्यात दरमहा पंचवीस हजार येतात तिथे अचानक तीन लाख दिसले, तर हे कुठून आले हा प्रश्न पडणारच. फंडाची किंवा मुदत ठेवीची रक्कम असेल तर त्याची पावती सोबत द्यावी.

३. मराठी कागद तसाच चालत नाही. सातबारा, घरपट्टीची पावती, विवाहाचा दाखला जोडायचा असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

४. खोटा कागद कदापि जोडू नये. फसवणूक सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. खऱ्या कागदांवर नकार आला तर दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करता येतो.

पैशांची व्यवस्था

हे माझ्या रोजच्या कामातले, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

आपल्या बँकेचे कार्ड सुरुवातीला फक्त भारतातच चालण्यासाठी सुरू असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या आदेशानुसार परदेशातील वापर खातेदाराने स्वतः सुरू करावा लागतो. तो आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावीत. परदेशातील प्रत्येक व्यवहारावर बँक किती आकार घेते तेही विचारावे. फॉरेक्स कार्डावर पौंड भरून घेतले तर भाव आधीच ठरतो आणि खर्चाला मर्यादा राहते. रोख पौंड थोडेच न्यावेत. लंडनमध्ये पुष्कळ दुकानांत रोख घेतच नाहीत.

दुकानातील यंत्र कधी कधी विचारते, "रुपयांत द्यायचे की पौंडांत?" रुपये पाहून बरे वाटते, पण तो भाव महाग पडतो. नेहमी पौंडच निवडावे.

कोणा नातेवाइकाने जुने पौंड दिले तर पाहून घ्यावेत. कागदी वीस व पन्नास पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. आता नोटा प्लास्टिकच्या आहेत. त्यांवर राणीचे चित्र असो वा राजाचे, दोन्ही चालतात.

ओटीपी आपल्या भारतातील नंबरवर येतो. तो नंबर बंद पडू नये म्हणून रोमिंग सुरू ठेवावे.

शेवटचे आणि महत्त्वाचे : या प्रवासासाठी कर्ज काढू नये, सोने गहाण ठेवू नये. दोन वर्षे आवर्ती ठेवीत पैसे टाकावेत आणि मग जावे. फंडाची सगळी रक्कम तिकिटात घालून म्हातारपणी मुलांच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येऊ नये.

सामान आणि प्रवास

दिघीहून मुंबईला जाण्यास दोन वाटा आहेत. राजपुरीची खाडी फेरीबोटीने ओलांडून अगरदांडा, मुरूड, अलिबागवरून, किंवा म्हसळा-माणगाववरून महामार्गाने. पावसाळ्यात दोन्हींचा भरवसा धरू नये. आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. मुंबईहून थेट विमानाला नऊ ते दहा तास लागतात.

आपल्याकडचा माणूस रिकाम्या हाताने कोणाकडे जात नाही. पण सुके खोबरे ज्वलनशील मानले जाते, ते विमानाच्या सामानात चालत नाही. मांसाचे तसेच दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावे. चटणी, पोहे, लाडू सामानात नीट बांधावेत, मात्र लाडवांना तूप नको. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावीत. आपली गोल पिन तिथल्या चौकोनी पिनेच्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून अडॅप्टर घ्यावा. प्रवास विमा अवश्य काढावा.

लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. मे ते सप्टेंबर हा काळ आपल्या मंडळींना सोसवेल असा.

राहण्यासाठी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. उन्हाळी सुट्टीत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आपल्या वसतिगृहांतील खोल्या बाहेरच्या प्रवाशांनाही भाड्याने देते. आधी नोंदणी केल्यास हॉटेलपेक्षा स्वस्त पडू शकते.

शहरात फिरताना

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. ऑयस्टर कार्ड किंवा आपले बँक कार्ड यंत्राला टेकवावे. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते. नवरा-बायकोत एक चालत नाही. भुयारी रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवावे, बसमध्ये फक्त चढताना. सन २०२५ मध्ये बसचे भाडे पावणेदोन पौंड होते आणि तासाभरात कितीही बसगाड्या बदलल्या तरी तेवढेच लागत होते. म्हणून शक्य तिथे बसने फिरावे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. नळाचे पाणी पिण्यास चांगले असते; बाटली जवळ ठेवली तर पैसे वाचतात.

पहिला दिवस : हॉबर्न परिसर. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाइनची गाडी थेट हॉबर्न स्टेशनला येते. तिथून थोडे चालल्यावर हॉटन स्ट्रीटवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. संस्थेत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. तो पाहण्यासाठी स्वागतकक्षात नम्रपणे विचारावे. जवळच ऑल्डविचवर इंडिया हाऊस, म्हणजे भारताचे उच्चायुक्तालय आहे. पासपोर्ट हरवल्यास इथेच यावे लागते, म्हणून जागा पाहून ठेवावी. तेथून पायी ग्रेज इन. कामाच्या दिवशी दुपारच्या वेळात तिथली बाग सर्वांना खुली असते. या संस्थेने २०२१ साली एका दालनाला बाबासाहेबांचे नाव दिले. हॉबर्नपासूनच चालत ब्रिटिश म्युझियमला जाता येते. प्रवेश विनामूल्य आहे. १८५७ साली उघडलेले गोल वाचनालय, जिथे बाबासाहेब वाचत बसत, ते या इमारतीच्या मधोमध आहे. पुस्तके मात्र १९९७-९८ च्या सुमारास सेंट पँक्रासजवळच्या नव्या ब्रिटिश लायब्ररीत गेली. इंडिया ऑफिसची जुनी दप्तरेही आता त्याच लायब्ररीत आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती जागा चुकवू नये.

दुसरा दिवस : १०, किंग हेन्रीज रोड. नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म स्टेशनला उतरावे. गाडीवर 'एजवेअर' असे लिहिलेले पाहूनच चढावे, कारण कॅम्डन टाउनला दोन फाटे फुटतात. स्टेशनपासून घर पायी दहा मिनिटांच्या आत आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, तशी पाटी भिंतीवर आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्मारकाचे उद्घाटन झाले. उघडण्याच्या वेळा निघण्यापूर्वी तपासून घ्याव्यात.

इथे एक विनंती आहे. हा रस्ता शांत वस्तीचा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीबद्दल काही शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या, स्थानिक कॅम्डन कौन्सिलने २०१८ साली संग्रहालयाला परवानगी नाकारली होती, आणि चौकशीनंतर ब्रिटिश सरकारने ती २०२० साली दिली. म्हणजे हे स्मारक टिकले ते कायद्याच्या मार्गाने. तेव्हा दारात घोषणा नकोत, रस्ता अडवून फोटो नकोत, बस भरून एकदम पन्नास माणसे नकोत. आपण तिथे कसे वागतो, त्यावर पुढे येणाऱ्यांचे स्वागत अवलंबून आहे.

वेळ उरल्यास चिझिकचा लंडन बुद्ध विहार पाहावा. अनागारिक धम्मपालांनी १९२६ साली त्याची स्थापना केली.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

वडीलधाऱ्यांनी हे घर पाहावे, नमन करावे, हे योग्यच. पण आपल्या मुलांनी हॉटन स्ट्रीटला पर्यटक म्हणून जाण्यापेक्षा प्रवेशपत्र हातात घेऊन जावे, असे मला मनापासून वाटते. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना आहे. केंद्र सरकारचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र, इंग्रजीची परीक्षा आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला यांची जुळवाजुळव करायला वर्ष जाते. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाची वाट न पाहता दुसऱ्या वर्षातच तयारीला लागावे. नियम दरवर्षीच्या जाहिरातीत असतात, ती जाहिरात स्वतः वाचावी.

संस्थेच्या सभासदांपैकी ज्यांना पासपोर्टचा किंवा बँकेचा अर्ज भरताना अडचण येते, त्यांनी संकोच न करता रविवारच्या बैठकीत कागद घेऊन यावे. अर्ज कसा भरायचा हे आपल्यातल्याच एकाने दुसऱ्याला दाखवले, तर एजंटाला द्यायचे पैसे मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील.

जयभीम.