ज्वर, सर्रा आणि रक्ताची काचपट्टी
(निद्रारोगाच्या चाळणी-तपासणीपासून ग्रामीण वैद्याने घ्यावयाचा बोध)

भाद्रपद-आश्विनात कर्जत व खालापूर तालुक्यांतील आपल्या दवाखान्यांत ज्वराच्या रुग्णांची रीघ लागते. हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, टायफॉइड यांचा विचार आपण करतोच. तथापि, या सर्व तपासण्या निर्दोष येऊनही ज्याचा ज्वर चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो, अशा रुग्णाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

निद्रारोग हा मूळचा आफ्रिकेतील. ट्रिपॅनोसोमा नावाचा सूक्ष्म परोपजीवी त्से-त्से माशीच्या दंशाने मनुष्याच्या रक्तात शिरतो व पुढे मज्जासंस्थेत पोहोचून तंद्रा, बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू घडवितो. ही माशी भारतात नाही. म्हणून हा रोगही येथे नाही. परंतु त्याच कुळातील ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा आपल्या जनावरांत आहे. त्याने होणाऱ्या रोगास सर्रा म्हणतात. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माइलखान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. टॅबॅनस जातीच्या चावऱ्या माश्या आपल्या सोंडेला लागलेल्या रक्तातून तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. पावसाळ्यात व त्यानंतर या माश्या वाढतात. आपल्याकडे वाडीवाडीत गाई-बैल आहेत आणि माथेरानला तर वाहतुकीसाठी घोडेही वापरले जातात, हे ध्यानात घ्यावे.

ज्वर केवळ मनुष्यास होत नाही, हे आपल्या आचार्यांना ठाऊक होते. हत्तीच्या ज्वरास पाकल, घोड्याच्या ज्वरास अभिताप अशा स्वतंत्र संज्ञा त्यांनी दिल्या. मात्र जनावराचा हा परोपजीवी मनुष्यात रोग निर्माण करू शकतो, हे निर्विवादपणे सिद्ध झाले ते आपल्याच महाराष्ट्रात.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात २००४ साली एका शेतकऱ्यास वारंवार चढउतार होणारा ज्वर येत होता. त्याच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता तीत ट्रिपॅनोसोमा आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरामिन हे औषध देण्यात आले व रुग्ण बरा झाला. निरोगी मनुष्याच्या रक्तरसातील ॲपोलिपोप्रोटीन एल-१ हे प्रथिन या जीवाचा नाश करते; या रुग्णात ते जन्मतःच नव्हते, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. पुढे व्हिएतनाममध्ये हे प्रथिन असलेल्या एका स्त्रीसही हा रोग झाला. तात्पर्य, रोग अत्यंत विरळ, पण अशक्य नाही.

रुग्ण सापडल्यावर त्या गावाच्या परिसरात चाळणी-तपासणी झाली. तिची पद्धत आफ्रिकेतील दुर्गम खेड्यांत रूढ झालेलीच. फिरते पथक गावात जाते, बोटाच्या रक्ताचा थेंब कार्डावरील द्रावात मिसळून पाच मिनिटे हलविते आणि गुठळ्या दिसल्यास प्रतिपिंडे आहेत असे समजते. चंद्रपुरात १८०६ लोक तपासले गेले. त्यांपैकी ४१० जणांचे कार्ड सकारात्मक आले. रक्तरसाच्या तपासणीत ही संख्या ८१ वर आली. ज्यांच्यात प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक होते अशा ६० जणांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा एकातही परोपजीवी आढळला नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. प्रतिपिंडे म्हणजे संपर्काची खूण, रोग नव्हे. केवळ कार्ड पाहून औषध दिले असते तर शेकडो निरोगी माणसांना सुरामिनसारखे तीव्र औषध टोचले गेले असते. चाळणीचे काम संशयित निवडणे, निदानाचे काम परोपजीवी दाखविणे.

कर्जत-खालापुरात हा रोग आहे, असे आम्ही सुचवीत नाही. सर्व वाड्या तपासाव्यात, असेही नाही. आमचे म्हणणे एवढेच की रक्ताची काचपट्टी हातची जाऊ देऊ नये. हिवतापाचे जलद निदान किट सोयीचे खरे. पण ते हिवतापाविषयीच सांगते. आम्हीही अनेक वर्षे किट निर्दोष आले की पुढील तपासणी न करता विषमज्वराची चिकित्सा चालू ठेवीत होतो. चंद्रपूरचा रुग्ण या रीतीने कधीच सापडला नसता.

म्हणून आमची वैद्यबंधूंना विनंती अशी :

१. ज्वर आठवड्याहून अधिक टिकला वा पुनःपुन्हा आला, तर ज्वर चढलेला असताना काचपट्टी घ्यावी. एकदा निर्दोष आल्यास पुन्हा घ्यावी. परोपजीवींची रक्तातील संख्या कमीअधिक होत असते.
२. घरी गुरे, घोडे आहेत काय, एखादे जनावर ज्वराने खंगले वा दगावले काय, हे विचारावे.
३. प्रयोगशाळेस केवळ ‘हिवताप’ न लिहिता ‘अन्य रक्तपरोपजीवीही पाहावेत’ असे लिहावे.
४. संशय येताच रुग्णास शासकीय रुग्णालयात पाठवावे व पशुवैद्यकास कळवावे. येथे आपल्या ज्वरघ्न कल्पांवर विसंबून कालहरण करणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

औषधविक्रेत्यांचे स्थानही महत्त्वाचे आहे. वीटभट्टीवरून परतलेला कातकरी वा डोंगरावरून उतरलेला ठाकूर बांधव पुष्कळदा प्रथम दुकानातच येतो. तोच माणूस महिन्यात तिसऱ्यांदा तापाची गोळी मागू लागला, तर गोळीबरोबर ‘रक्त तपासलेत का?’ हा प्रश्नही द्यावा. दुर्गम भागातील पहिली चाळणी तीच होय.