डिस्क ब्रेकचे तेल गळते तेव्हा

सायकल दुरुस्तीचा धंदा आपल्यातील कित्येक घरांत वडिलोपार्जित चालत आला आहे. पंक्चर, चेन, फ्रीव्हील, वाकडे चाक ही कामे डोळे मिटून करणारे उस्ताद गावोगाव आहेत. परंतु आता दुकानात जी जाड टायरची, गियरची सायकल येते तिच्या ब्रेकला पुष्कळदा तार नसते, तेल असते. ते तेल गळू लागले की चांगला कारागीरही गोंधळतो. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे अशी सायकल आली. "चाचा, लीव्हर पार दांड्याला टेकतो," एवढेच पोराने सांगितले. मिस्त्रींनी तेल कमी झालेले पाहिले, मोटारसायकलचे ब्रेक ऑइल भरले, हवा काढली. ब्रेक लागला. पोरगा खूश, चाचाही खूश. काही दिवसांनी सायकल परत आली ती लीव्हर आणि कॅलिपर दोन्ही निकामी होऊन. रबरी सील फुगून मऊ झाले होते. दोन्ही भाग मिस्त्रींना पदरचे पैसे घालून द्यावे लागले. हा पोरगा सुटीच्या दिवशी सिंहगडाचा घाट उतरणारा होता. ब्रेक दुकानाच्या दारात गेला, घाटात नाही, हे नशीबच म्हणायचे.

तेव्हा पहिली गोष्ट तेलाची. शिमानो, टेक्ट्रो, मगुरा यांचे ब्रेक मिनरल तेलावर चालतात. होप कंपनीचे आणि स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट जातीच्या तेलावर चालतात. मात्र स्रॅमचे २०२२ चे डीबी ८ आणि २०२४ चे मेव्हन हे मिनरलचे आहेत. म्हणजे नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊन चालत नाही. लीव्हरवर किंवा त्याच्या झाकणावर तेलाची जात बहुधा लिहिलेली असते, ती वाचावी. एकाचे तेल दुसऱ्यात गेले की सील संपले. डॉट ४ आणि ५.१ एका कुळातले, पण डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, ते यांत घालू नये. डॉट तेल रंग खाते आणि हातालाही बरे नव्हे. सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

आता गळती शोधणे. घाईने पाना लावू नये. आधी लीव्हरपासून कॅलिपरपर्यंत सर्व आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करावे. लीव्हरजवळ, पाइपच्या दोन्ही टोकांना आणि कॅलिपरभोवती पांढरा टिश्यू कागद गुंडाळावा. मग चाक जागेवर ठेवून लीव्हर ट्यूबच्या रबराने दाबून बांधावा आणि दुकान बंद करावे. सकाळी जो कागद ओला, तिथे रोग. दुपारी दोन तास डोके खाजवण्यापेक्षा हे बरे.

कित्येकदा एकही कागद ओला नसतो. मग चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडालेला असतो, किंवा मागे हवा काढताना सांडलेले तेल खाचेत राहून झिरपलेले असते. सायकल उलटी ठेवल्यानेही लीव्हर मऊ पडतो, कारण टाकीतली हवा पाइपात शिरते. ती गळती नव्हे.

पाइप लीव्हरला जोडतो तिथला कागद ओला झाला तर आतली पितळी कडी, म्हणजे ऑलिव्ह, पाहावी. ती एकदाच दाबली जाते. पाइप कापला की कडी नवीन घालावी. जुनी आवळत बसणे म्हणजे आटे घालवणे. शिमानोत या नटाला ५ ते ७ न्यूटन मीटर, कॅलिपरकडच्या बँजो बोल्टला ८ ते १० इतकाच जोर सांगितला आहे. लीव्हरच्या वरचा हवा काढायचा स्क्रू तर जेमतेम ०.३ ते ०.५ मागतो. मोटारीच्या हाताने तो आवळला तर झाकणाचे आटे गेलेच. त्या स्क्रूखालची रबरी कडी फाटली असेल तर ती बदलावी.

झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरणे हीही एक चूक. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जास्तीचे तेल लीव्हरकडून वाट काढते. ढकलताना स्क्रूड्रायव्हर वापरू नये. शिमानोच्या बऱ्याच कॅलिपरांत पिस्टन चिनी मातीसारखे ठिसूळ असतात, कड फुटली की सील कापले.

पिस्टनभोवती तेल दिसले तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. होपचे सील सुटे मिळतात. शिमानो कॅलिपरचे सील सुटे देत नाही, पूर्ण कॅलिपर बदलावा लागतो. "बघतो, जमेल" म्हणून चार दिवस सायकल अडकवून ठेवण्यात ना नफा ना नाव. लीव्हरचा पिस्टन गळत असेल, रबरी टोपीखाली ओल असेल, तरी बहुधा लीव्हरच बदलायचा.

तेल लागलेले पॅड आगीवर भाजून परत बसवण्याची युक्ती सर्रास चालते. आमचे मत विरोधात आहे. पॅड सच्छिद्र असतो. दोन दिवस ब्रेक धरतो, मग पुन्हा किंचाळू लागतो. पॅड फेकावे, डिस्क अल्कोहोलने पुसावी आणि पॅडचे पैसे बिलात आधीच धरावेत. गिऱ्हाईक कुरकुर करील, करू द्या.

काम झाल्यावर लीव्हर जोराने दाबून धरावा आणि प्रत्येक सांधा पुन्हा पाहावा. मग मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन वीस-तीस वेळा हळूहळू ब्रेक लावावा, चाक मात्र जाम करू नये, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसतात. ही फेरी मिस्त्रींनी स्वतः मारावी, गिऱ्हाइकावर सोडू नये. आणि दोन्ही जातींच्या तेलाच्या बाटल्या, पिचकाऱ्या वेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात. त्या चाचांनी आता मिनरलच्या पिचकारीवर लाल चिकटपट्टी लावली आहे.